जलवाहिनीची गोधडी

निवृत्त झालेल्या माणसाने आपल्याच घरात बसायचं कुठे, याचा विचार अजून कोणत्याही खात्याने केलेला नाही. पाणीपुरवठा खात्यात जलवाहिन्यांचे नकाशे काढणारे आरेखक निवृत्त झाले तेव्हा त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणं मिळाली, मोठ्या साहेबांनी 'खात्याचा उजवा हात गेला' असंही म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते बाहेरच्या खोलीत आले, तर त्यांच्या खुर्चीत निळ्या चिंध्यांचा ढीग ऐसपैस बसला होता. ढीग उचलायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्याला हात लावू नका. फिक्यापासून गडदपर्यंत लावून ठेवलंय." आरेखकांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली, त्यामुळे ज्येष्ठतेनुसार लावलेली रांग मोडायची नसते हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. ते खिडकीपाशी गेले आणि उभ्यानेच चहा प्यायले.

चिंध्या ताईंच्या. ताई म्हणजे आरेखकांच्या पत्नी. अख्खी इमारत त्यांना ताई म्हणते, दूधवाला म्हणतो, वयाने त्यांच्याहून मोठ्या बायकाही म्हणतात. एक आरेखक तेवढे 'अगं'वर भागवतात. ताई गोधड्या शिवतात. जुने शर्ट, विटलेले पडदे, उशांचे अभ्रे, कोणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची उरलेली बाही, यांतून त्या असं काही जमवतात की मूळ मालकाला आपण हे कपडे उगाच घालून झिजवले असं वाटावं. दुपारी याच बाहेरच्या खोलीत त्या गोधडीचा वर्गही घेतात. इतकी वर्षं हा वर्ग आरेखक कचेरीत असताना भरायचा आणि ते परतायच्या आत उठायचा. वर्ग झाल्याचा पुरावा त्यांना मिळायचा तो सोफ्यावर टेकल्यावर, सुईच्या रूपाने. आता वर्गही घरात आणि आरेखकही घरात. बायका आधी संकोचल्या, मग सरावल्या आणि मग "जरा तो दोरा द्या हो इकडे" असं बिनदिक्कत म्हणायला लागल्या. खात्याचा उजवा हात हा असा कामी आला.

आरेखकांची काही तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती करायची कोणाकडे हे ठरत नव्हतं.

हे असंच चालत राहिलं असतं, पण खालच्या मजल्यावर वकील राहतात. ताई वर्ग सुटल्यावर सतरंजी गॅलरीत झटकायच्या आणि त्यातल्या टाचण्या वकिलांच्या गॅलरीत पडायच्या. एकदा एक टाचणी त्यांच्या वाळत घातलेल्या पँटमध्ये शिरली. ती प्रकट झाली दुसऱ्या दिवशी, भर कोर्टात, वकील युक्तिवाद संपवून खाली बसले तेव्हा. ते ताडकन पुन्हा उठले आणि न्यायाधीशांना वाटलं, यांचं अजून बोलायचं राहिलंय. वकिलांनी इमारतीच्या समितीकडे लेखी तक्रार केली की राहत्या घरात शाळा चालवली जाते. तक्रार देऊन झाल्यावर ते जिना चढून वर आले, चहा घेतला आणि या तक्रारीतून सुटायचं कसं याचा सल्लाही दिला.

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तक्रार मी शेजारी म्हणून केली. सल्ला वकील म्हणून देतोय. वर्ग दुसरीकडे हलवा नाहीतर बंद करा. तिसरी वाट मी शोधून पाहिली, नाहीये."

समितीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. त्या दिवशी ताईंच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं आणि जेवणाऱ्यांपैकी कोणी तसं म्हणालं नाही. त्यांची मुलगी हिशेबतपासनिसाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वर्ग चालू असताना कानात कापूस घालून ती जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसायची, आणि तो कापूसही गोधडीतलाच असायचा. ती म्हणाली, "आईचा वर्ग बंद झाला तर मला आनंद व्हायला पाहिजे ना, बाबा? मी मघापासून वाट बघतेय, होतच नाहीये."

मग ताईंना वाचनालयाचं वरचं सभागृह आठवलं. तिथले ग्रंथपाल फार हळू बोलतात. वाचनालयात हळू बोलायचं असतं म्हणून नव्हे. मोठ्याने बोललेलं लोक नंतर आठवून दाखवतात म्हणून. ताई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा आरेखक बरोबर होते, पिशवी धरायला. ग्रंथपालांनी सांगितलं की सभागृह रिकामं आहे, पण बुद्धिबळ मंडळानेही मागितलंय. बुद्धिबळवाले आवाज करत नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू. मात्र खालच्या नव्या वाचनकक्षात दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला ओल आहे, रंग टिकत नाही, आणि उद्घाटन तर तोंडावर आलंय. ती भिंत झाकेल अशी एखादी देखणी गोधडी ताईंच्या वर्गाने करून दिली, तर सभागृह वर्गाला. नाही झाली, तर बुद्धिबळाला.

"फक्त मोजमापासकट आराखडा लागेल," ग्रंथपाल कुजबुजले. "तीन प्रती. खाली स्विचबोर्ड झाकला जाता कामा नये, वर 'शांतता राखा' झाकलं जाता कामा नये."

ताईंचा चेहरा पडला. त्यांनी आजवर एकही गोधडी कागदावर काढलेली नव्हती. जमिनीवर तुकडे मांडायचे, दारात जाऊन उभं राहायचं, डोळे बारीक करायचे आणि परत येऊन दोन तुकडे बदलायचे, हा त्यांचा आराखडा. पण पिशवी धरायला आलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवली होती. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच आरेखकांची पाठ सरळ झालेली दिसत होती.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला. तो जेवणाच्या टेबलावर गेला, मुलगी इस्त्रीच्या टेबलावर गेली, इस्त्री जमिनीवर गेली. ताई म्हणाल्या, चांदण्या करू या, नाहीतर उडते पक्षी. आरेखक म्हणाले, चांदण्या सगळेच करतात. ते सबंध दिवस वाकून बसले आणि संध्याकाळी त्यांनी कागद उचलून धरला. गोधडीभर गावाची पाणीपुरवठा योजना पसरली होती. वरच्या कोपऱ्यात तलाव, तिथून निघालेली गडद निळी मुख्य जलवाहिनी, तिच्या फिकट होत जाणाऱ्या शाखा, थेट शेवटच्या गल्लीतल्या नळापर्यंत. वर्गातल्या प्रत्येकीला एक चौकोन. एका चौकोनातून नळ बाहेर पडायचा आणि शेजारच्या चौकोनात शिरायचा. तुकडेही सगळ्या चौकोनांत सारखेच. कोणावर अन्याय नको.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. मुलीला वाटलं, आता आई हसणार. पण ताई खुर्चीतला निळा ढीग घेऊन आल्या आणि कागदाशेजारी एकेक चिंधी लावू लागल्या. "हा शर्ट तलावाला," त्या म्हणाल्या. "मुख्य नळाला हा पडदा. टिकाऊ आहे." मग दोघांचं एका वळणावरून वाजलं. आरेखकांचं म्हणणं, पाणी काटकोनात वळवलं की जोर मरतो, इथे गोल बाक हवा. ताईंचं म्हणणं, गोल बाकाला कापड चुण्या धरतं, त्यापेक्षा पाणी थोडं हळू वाहिलं तरी चालेल. शेवटी तिरकं वळण ठरलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन ते दोघं एखाद्या कामावरून असे भांडले नव्हते. त्यांची सगळी भांडणं आजवर घरखर्च आणि नातेवाईक यांतच गेलेली. दोघांनाही मजा आली, पण तसं कोणी कबूल केलं नाही.

आराखडा तीन प्रतींत वाचनालयात गेला आणि तीनही प्रती परत आल्या. ग्रंथपालांचं म्हणणं पडलं की हा सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा नकाशा दिसतो. चारचौघांत लावायचा तर त्या खात्याचं ना-हरकत पत्र आणा. आरेखक हसले. आपलंच खातं, आपलीच माणसं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांच्या जागी आता एक तरुण बाई संगणकासमोर बसल्या होत्या.

"काय काम होतं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"मी इथे होतो," आरेखक म्हणाले.

"कधी? सकाळी?"

आयुष्याचं कोणतं टोक धरून सांगायला सुरुवात करावी, ते आरेखकांना सुचेना. त्यांनी अर्ज पुढे केला. चार टेबलं फिरून पत्र मिळालं, पण एका अटीवर: 'प्रस्तुत गोधडी प्रत्यक्ष जलवाहिनीच्या जाळ्याशी हुबेहूब जुळता कामा नये.' सगळी हयात ज्याने रेषेला रेष जुळवली त्याला हे लेखी मिळालं. घरी येताना ते दोन बसथांबे चालत आले. ताईंनी विचारलं, "भेटले का जुने कोणी?" ते म्हणाले, "सगळे भेटले."

त्या रात्रीपासूनच त्यांनी साच्यांचं काम काढलं. जाड पुठ्ठ्याचे साचे, धारदार पात्याने कापलेले, प्रत्येकावर क्रमांक. साचा कापडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं. पुढच्या वर्गात आरेखकांनी ते स्वतःच्या हाताने वाटले आणि छोटं भाषणही केलं. दातांच्या डॉक्टरीणबाई पुढेच बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी बेकरीवाली. आरेखक म्हणाले, "साच्याबाहेर रेषभरही जायचं नाही. मोजमापात दयामाया नसते." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, कारण त्यांच्याही धंद्यात तसंच असतं. आणि नेमकं तेव्हा, पाठीमागून दोरे सोडवत बसलेल्या ताईंनी विचारलं, "शिवणीची माया धरलीय ना हो?"

आता इथे जरा थांबायला हवं. दोन तुकडे एकमेकांना जोडले की दोघांचीही कड शिवणीत जाते. म्हणून कापतानाच चहूबाजूंनी बोटभर कापड जास्त ठेवतात. शिवणकामात त्याला माया म्हणतात. तिथे बसलेल्या प्रत्येकीला ते ठाऊक होतं. आरेखकांना नव्हतं. कागदावर दोन रेषा जोडल्या तर कोणाचंच काही आत जात नाही. त्यांना वाटलं, असेल काहीतरी अस्तराबिस्तराचं. 'माया म्हणजे काय गं?' एवढंच विचारायचं होतं. पण वीसेक डोळे त्यांच्याकडे लागले होते, ते नुकतेच रेषभरही चुकायचं नाही असं बजावून बसले होते, आणि चारचौघांत अडलं तर विचारायचं नाही, फाईल मागवायची, हे खात्याने त्यांच्या अंगात मुरवलेलं. फाईल इथे नव्हती.

"सगळं धरलंय," आरेखक म्हणाले.

"धरलंय म्हणतात," बेकरीवालीने मागच्या रांगेला कळवलं, आणि विषय मिटला.

पुढचे दिवस चौकोन जिच्या तिच्या घरी शिवले गेले. डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मध्ये शिवायच्या. एक पेशंट म्हणे तोंड उघडून बसला आणि बाई शेवटची शिवण संपवत होत्या. बेकरीवाली पीठ फुगेपर्यंत शिवायची. बँकेतल्या कॅशियरबाईंचे यजमान नळ कुठे वळावा यावर सल्ले द्यायचे, कारण त्यांच्या न्हाणीघराचा नळ त्यांनी स्वतः बदलला होता. आणि आरेखक या काळात कसे होते म्हणून विचाराल, तर छान होते. ते भाजी आणायला जाताना वाटेत कोणाचा चौकोन कुठवर आला ते पाहून यायचे. रस्त्यात बायका त्यांना 'सर' म्हणायला लागल्या होत्या.

सगळे चौकोन एकत्र आणायचा दिवस ठरला. उद्घाटनाला आठवडा होता. सभागृहात सतरंज्या अंथरल्या, वर्ग झाडून हजर होता, मुलगी अभ्यास सोडून आली होती. वकीलही आले होते, आपण प्रेक्षक म्हणून आलोय असं दारातच स्पष्ट करून. कोपऱ्यात बुद्धिबळ मंडळाचे दोन सभासद टेबलं कशी मावतील ते हाताच्या वितीने मोजत होते. आरेखकांनी आराखडा भिंतीला टाचला आणि क्रमांक पुकारायला सुरुवात केली.

पहिला चौकोन आला. दुसरा आला. दुसरा पहिल्याशेजारी ठेवल्यावर सगळ्यांच्या माना वाकड्या झाल्या. तिसरा ठेवला तेव्हा बेकरीवाली म्हणाली, "उलटा झाला असेल." तो सुलटा केला, आडवा केला, आरेखकांनी स्वतः झटकून पुन्हा ठेवला. चौकोनांच्या सरळ दोन जाती झाल्या होत्या. अर्धे हवे तेवढे, आणि अर्धे चांगले वीतभर आखडलेले. तलावातून मुख्य जलवाहिनी दिमाखात निघाली, पहिला चौकोन तिने ऐटीत पार केला आणि दुसऱ्याच्या हद्दीवर येऊन थांबली, कारण दुसऱ्यातली जलवाहिनी तिथे नव्हतीच. ती जरा खाली, आपली स्वतंत्र वाहत होती. शेवटच्या गल्लीतला नळ तर कशालाच जोडलेला नव्हता.

"आमच्याकडे पाणी का येत नाही ते आज कळलं," वकील म्हणाले.

ग्रंथपाल आले. त्यांनी चष्मा वर केला, ना-हरकत पत्र काढलं, गोधडीकडे पाहिलं आणि पुन्हा पत्राकडे पाहिलं. "प्रत्यक्ष जाळ्याशी जुळता कामा नये," त्यांनी हळू आवाजात वाचलं. "अटीची पूर्तता उत्तम झालीय. पण यानं भिंत काही झाकली जाणार नाही." कोपऱ्यातल्या बुद्धिबळवाल्यांनी विती मारायचं काम पुन्हा सुरू केलं.

डॉक्टरीणबाई आपला साचा आखडलेल्या चौकोनातल्या तुकड्यावर ठेवून बघत होत्या. "साच्यात माया सोडलीच नाहीये," त्या म्हणाल्या, आणि शिवणीत काय जातं आणि किती जातं ते त्यांनी ताईंच्या मुलीला करून दाखवलं. आरेखकांनी ते लांबून पाहिलं. त्यांना माया म्हणजे काय ते कळलं, आणि कानापर्यंत गरम झालं. एकेका तुकड्याचं चारही बाजूंनी बोटभर गेलेलं. सगळ्यांच्या मेहनतीचं असं बोटबोटभर त्यांनी घालवलं होतं.

तेवढ्यात ताई उठल्या. "चूक माझी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "कोणी वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसंच केलंत."

ही आपल्याला पाठीशी घालतेय, हे आरेखकांना दिसत होतं. गप्प राहणं सोपं होतं. बायकांनी ताईंना लगेच माफ केलं असतं. 'सर' शब्दालाही धक्का लागला नसता. पण वर्ग जात होता तो तिचा. इतकी वर्षं ते घरी यायच्या आत आवरून ठेवलेला, एकही चिंधी मागे न ठेवता. ते उभे राहिले. पोटरीत गोळा आला होता तरी उभे राहिले.

"चूक ताईंची नाही," ते म्हणाले. बायकोला त्यांनी जन्मात पहिल्यांदा ताई म्हटलं होतं, पण मुलगी सोडली तर ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि तिने ओढणीत तोंड लपवलं. "साचे मी कापले. माया म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. हिनं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी धरलंय म्हणालो, कारण माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. तुमचे सगळ्यांचे कष्ट मी वाया घालवले."

इतकं बोलून ते खाली बसले. आता निदान मन तरी हलकं होईल, असं त्यांना वाटलं होतं. पण ताई मान हलवत होत्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "खरंच माझी चूक आहे. साच्यात माया नाही हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माझा तुकडा कापायला घेतला आणि बघितलं."

"मग?"

"मग मी एकेकीला गुपचूप फोन केले. म्हटलं, माझंच सांगायचं राहिलं, साच्याबाहेर बोटभर जास्त कापा. जिला फोन लागला तिनं जास्त कापलं. कोणाला लागलाच नाही. काहींनी आधीच कापून टाकलं होतं, त्यांना म्हटलं राहू दे, बघू मागाहून. वाटलं, थोडंसं सांभाळून घेता येईल." ताई खाली अंथरलेल्या चौकोनांकडे बघत होत्या. "मी काहीच केलं नसतं ना, तर सगळे चौकोन सारखेच आखडले असते. नळाला नळ जुळला असता. भोवतीनं एक रुंद पट्टी लावली असती की झाली असती भिंत. माझ्या लपवालपवीनं घोळ झाला."

आरेखक बायकोकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि या दोहोंपैकी आधी कशाला वाट द्यावी ते कळत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार?" ताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज हलला. "रिटायर झाल्यापासून तुम्ही घरात पाहुण्यासारखे वावरत होता. स्वयंपाकघरात यायचं तरी दाराशी थांबून विचारायचात, येऊ का म्हणून. साचे कापायला बसलात त्या दिवशी मला हाक मारून म्हणालात, 'चहा टाक, काम चालू आहे.' इतकं बरं वाटलं मला. मग मी तोंड उघडून ते मोडू?"

"मोडायचं," आरेखक म्हणाले. "मी काय लहान मूल आहे? चुकलं तर तोंडावर सांगायचं. त्या खात्यात आता मला कोणी ओळखतही नाही, अगं. घरात तरी कोणी मला सांभाळून घेऊ नका. चुकलं तर चुकलं म्हणा."

हे त्यांनी सगळ्यांदेखत बोलून टाकलं. एरवी नसतं बोलले. कॅशियरबाईंनी डोळे पुसले आणि आपले यजमान आले नाहीत हे बरं झालं असं त्या नंतर म्हणाल्या.

वकिलांनी घसा साफ केला. "दोन्ही पक्षांची कबुली झालेली आहे," ते म्हणाले. "आता भिंतीचं काय ते बघा."

मार्ग डॉक्टरीणबाईंनी सुचवला. लहान दातावर टोपी बसवतात तशी आखडलेल्या चौकोनांना भोवतीनं पट्टी लावायची, म्हणजे ते मोठ्यांच्या मापाला येतील. ताईंनी लगेच खाली बसून एक पट्टी लावून पाहिली. काळी पट्टी चांगली दिसत होती, नळांच्या कडेनं रस्ता जावा तशी. पण एवढं काळं कापड आणायचं कुठून? वकील उठून गेले आणि जुने काळे कोट घेऊन आले. कोट खाली ठेवून ते म्हणाले, "हे शेजारी म्हणून," आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पट्टी लावली तरी नळ काही नेमके जुळेनात. कुठे बोटभर वर, कुठे बोटभर खाली. बायका ताईंकडे बघू लागल्या. आरेखक गुडघ्यांवर रांगत पुढे आले. "हे असंच असतं," ते म्हणाले. "आराखड्यात जुळतं, पण खड्डा खणला की कुठल्याच गल्लीतला नळ पुढच्या नळाला नेमका येत नाही. मग मध्ये तिरका जोड टाकतात आणि तिथे झडप बसवतात." मग प्रत्येक फटीत निळा तिरका तुकडा बसवला गेला आणि झडपेच्या जागी कोटांचीच बटणं शिवली. आरेखकांनी खिशातून पेन्सिल काढून जोडांचं माप लिहायला घेतलं, तर ताईंनी पेन्सिल काढून घेतली. "आधी लावून बघायचं," त्या म्हणाल्या. आरेखकांनी लावून बघितलं.

गोधडी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भिंतीवर चढली. स्विचबोर्डाची वरची दोन बटणं तिच्याखाली गेली आणि ग्रंथपालांनी मान वळवून दुसरीकडे पाहिलं. ओल पूर्ण झाकली गेली. वाचायला येणारे लोक आता आधी उठून आपली गल्ली कुठे आहे ते शोधतात, सापडत नाही म्हणून दुसऱ्याला विचारतात, आणि वाचनालयात पूर्वी कधी नव्हता एवढा आवाज होतो. वरचं सभागृह वर्गाला मिळालं. बुद्धिबळ मंडळाने याविरुद्ध अर्ज केलाय आणि तो वकिलांनी लिहून दिलाय.

सभागृहातल्या पहिल्या वर्गाला आरेखक शेवटच्या रांगेत, बेकरीवालीच्या शेजारी बसले. शिकायला. त्यांच्यासमोर एक छोटा तुकडा होता, वर कापड, खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि तिन्ही थर धरून सरळ टाके घालायचे होते. त्यांनी जीव ओतून टाके घातले. एकदा बोटाला टोचलं ते कोणाला कळू न देता चोखलं. ताई रांगांमधून फिरत होत्या. कॅशियरबाईंना म्हणाल्या, "छान." डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "वा." मग त्या शेवटच्या रांगेत आल्या आणि नवऱ्याचा तुकडा हातात घेऊन त्यांनी तो उजेडाकडे धरला.

आरेखक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ताईंच्या ओठांवर 'छान' येत होतं, अगदी येऊन ठेपलं होतं. बायकोचे ओठ ते ओळखतात. ते 'छान' त्यांना नको होतं. ताईंनी तुकडा उलटा केला आणि पाठीमागून बोट फिरवलं.

"उसवा," ताई म्हणाल्या.

बेकरीवालीचे हात जागच्या जागी थांबले.

"सगळं?" आरेखकांनी विचारलं.

"सगळं. टाके लांब पडलेत आणि अस्तर तर तुम्ही धरलेलंच नाही. नुसतं वरवर शिवलंय. पहिल्यापासून उसवा."

"बरं," आरेखक म्हणाले. त्यांना फार बरं वाटत होतं, इतकं की जरा वेळ त्यांना सुईचं नेढंही दिसेना. ताई पुढे गेल्या नाहीत. खाली सतरंजीवर त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी कात्री पुढे केली. मग दोघांनी मिळून एकेक टाका काढायला सुरुवात केली.